पॉझिटिव्हची खोली

आईचा रिपोर्ट आला तेव्हा मी विरारच्या बोळिंजमधल्या माझ्या दवाखान्यात एका पेशंटची दाढ भरत होते. मी दातांची डॉक्टर आहे. हातात मोजे असताना फोनला हात लावायचा नाही, हा माझा नियम. त्यामुळे फोन टेबलावर थरथरून थांबला आणि पुन्हा थरथरला. पेशंट चूळ भरायला वाकला तेव्हा मी मोजे काढले, हात धुतले आणि फोन लावला. पलीकडे आईच्या डायलिसिस सेंटरमधल्या इन्चार्ज सिस्टर होत्या.

"मॅडम, आईंच्या नेहमीच्या तपासण्या आल्यात," त्या म्हणाल्या. "हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आहे. उद्यापासून त्यांना आतल्या खोलीत घ्यावं लागेल."

"मागच्या वेळी निगेटिव्ह होता."

"हो."

"मधल्या काळात तिला रक्त चढवलेलं नाही. साधं इंजेक्शनही कुठे घेतलेलं नाही. तुमच्याकडे सोडून ती कुठे जातच नाही, सिस्टर."

त्या म्हणाल्या, "डॉक्टर तुमच्याशी बोलतील."

मी फोन ठेवला आणि नवे मोजे चढवून पेशंटची दाढ पुरी केली. सिमेंट नीट बसलं की नाही ते तपासलं, त्याला चावून बघायला सांगितलं. तो गेल्यावर मी बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. हा आजार रक्तातून रक्तात जातो. तो माझ्या आईच्या रक्तात कुठल्या वाटेने आला असेल हे मला शोधावं लागणार नव्हतं. ती वाट मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती.

आईची मूत्रपिंडं मधुमेहाने हळूहळू निकामी केली. ती कामणच्या बाजूच्या, खाडीलगतच्या आमच्या गावातली. वडील गेल्यावरही ती तिथे एकटीच राहायची. माझ्याकडे चल म्हटलं की सोसायटीच्या लिफ्टची भीती वाटते म्हणायची. डायलिसिस सुरू झालं आणि तिला यावंच लागलं. गावाहून दिवसाआड विरारला येणं तिला झेपणारं नव्हतं. डाव्या हाताची एक शीर ऑपरेशन करून धमनीला जोडली होती, म्हणजे तिथे जाड सुया टोचता येतात. त्या फुगलेल्या शिरेवर कान ठेवला की लांबून मोटार चालल्यासारखी घरघर ऐकू येते. आईला त्याचं फार कौतुक. आमच्या मजल्यावरच्या बायकांना ती हात पुढे करून ऐकवायची.

सेंटर एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. मोठा हॉल, दोन्ही बाजूंना पलंग, प्रत्येक पलंगाशी एक मशीन. सकाळच्या पाळीला आईच्या शेजारच्या पलंगावर असायच्या आगाशीच्या अलीकडच्या एका ख्रिस्ती गावातल्या निवृत्त शिक्षिका. आई त्यांना बाई म्हणायची, म्हणून आम्हीही बाईच म्हणू लागलो. त्यांची घरची केळीची वाडी. किडनीच्या माणसाला केळं चालत नाही. त्यामुळे बाई फण्या आणायच्या त्या स्टाफसाठी आणि बाहेर बसलेल्या आम्हा नातेवाइकांसाठी. "तुम्ही खा, आम्ही दोघी बघतो," म्हणायच्या.

आई चौथी शिकलेली. बाई तिला पेपर वाचून दाखवायच्या, तोही शाळेत धडा वाचावा तसा, स्वल्पविरामाला थांबून. आई त्यांना खाडीच्या चिखलातले निवट्या मासे कसे पकडायचे ते सांगायची. मग रश्शावरून वाद. आईच्या निवट्यांच्या कालवणात चिंच, बाईंच्या घरी वेगळा मसाला. दोघींनाही मीठ मोजून, पाणी मोजून. जे खायला मिळणार नाही त्याच्यावर त्या चार तास बोलत पडायच्या, आणि यंत्र दोघींचं रक्त फिरवत राहायचं. डायलिसिसच्या दिवशी आई सकाळी लवकर तयार होऊन दाराशी चपला घालून बसायची. दुखणाऱ्या सुयांसाठी कोणी इतकं आनंदाने निघत नाही. ती बाईंना भेटायला निघायची.

सुरुवातीला नातेवाइकांना सुया लागेपर्यंत आणि पुन्हा सुया काढताना आत थांबू देत. मी थांबायचे, आणि नको ते बघायचे.

माझ्या कामात तोंडात घातलेली प्रत्येक वस्तू आधी साबणाच्या पाण्यात घासायची, पाकिटात बंद करायची आणि वाफेच्या भांड्यात निर्जंतुक करायची. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला नाही तर ते पाकीट वापरायचं नाही. दोन पेशंटच्या मध्ये खुर्ची पुसायची, दिव्याची मूठ पुसायची. हे करताना समोरच्या माणसाला कुठला आजार आहे हे विचारात घ्यायचं नसतं. प्रत्येकाला असू शकतो असंच धरून चालायचं. इतक्या वर्षांत ते माझ्या हातात इतकं भिनलंय की दुसऱ्याचे हातही मला आपोआप दिसतात.

तिथला टेक्निशियन चपळ होता, सुई टोचण्यात त्याचा हात हलका. आईला तोच आवडायचा. पण तो बाईंची सुई काढून, कापूस दाबून धरून, त्याच मोजांनी आईच्या मशीनचं बटण दाबायचा, कारण तेवढ्यात आईचं मशीन वाजायला लागलेलं असायचं. रक्त गोठू नये म्हणून द्यायचं औषध एकाच मोठ्या बाटलीतून सगळ्यांसाठी काढलं जायचं, आणि ती बाटली ट्रॉलीवर पलंगापलंगाशी फिरायची. पहिली पाळी उठली की दुसरी पाळी दारात उभीच असायची. मशीन आतून धुतलं जायचं, पण वरून पुसायला कोणाला सवड नसायची. एकदा एका मशीनच्या कडेला मला वाळलेल्या रक्ताचा बारीक थेंब दिसला. पुढच्या खेपेलाही तो तिथेच होता.

मी सिस्टरांशी बोलले. आवाज न चढवता, त्यांच्या केबिनमध्ये बसून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही सांगताय ते मला शिकवलंय, मॅडम," त्या म्हणाल्या. "पण एका माणसाने इतके पलंग बघायचे आणि प्रत्येक वेळी मोजे बदलून हात धुवायचे म्हटलं तर दुसरी पाळी संध्याकाळी लागेल. तिसरी लागणारच नाही. त्या पाळीच्या लोकांना मी काय सांगू? मी माणसं मागितलीत वरती. मोजेसुद्धा मागितलेत."

मी माझ्या दवाखान्यातले मोजांचे खोके आणि हाताला लावायच्या औषधाच्या बाटल्या नेऊन दिल्या. काही दिवस त्या ट्रॉलीवर दिसल्या, मग कपाटात गेल्या. कपाटाची किल्ली सिस्टरांकडे आणि सिस्टरांना वरच्या मजल्याचंही काम. मी टेक्निशियनलाही एकदा म्हटलं, "दादा, मोजे बदलून मग लावा ना." त्याने बदलले. पण त्या दिवशी आईची शीर त्याला लवकर सापडली नाही, दोनदा टोचावं लागलं. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. आईला मात्र तसं वाटलं.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "तू काय बोलू नको त्यांना."

"अगं, तुझ्यासाठीच बोलते ना."

"मना ठावं हाय. पन तू दारातून निंगून जातेस. सुई त्यांच्या हातान हाय. परवा परत माजा हात त्यांच्याच म्होरं करायचा हाय."

दुसरं सेंटर बघायचं म्हणून मी फोन केले. जवळपास सगळीकडे पाळ्या भरलेल्या होत्या, नाव लिहून ठेवतो म्हणाले. मीरा रोडला जागा होती, पण सकाळच्या हायवेवरून आईला नेणं आणि थकलेल्या आईला परत आणणं, तेही दिवसाआड, हे घरातल्या कोणाला जमणार होतं? नवऱ्याची नोकरी अंधेरीला. माझा दवाखाना. मी नाव लिहून ठेवा म्हटलं, आणि आई त्याच हॉलमध्ये जात राहिली.

रिपोर्टची गोष्ट मी तिला त्याच संध्याकाळी सांगितली. ती गॅलरीत बसून गवारीच्या शेंगा मोडत होती.

"म्हंजी मना काय झालंय?"

"एक प्रकारची कावीळ. रक्तातली. औषध आहे तिला."

तिने शेंगा बाजूला ठेवल्या. "हे वाईट चालीच्या मानसांना होतं ते नाय ना?"

"नाही गं. ते वेगळं."

"मंग मना कसं झालं? मी कय गेली?"

मी तिला सेंटरमधूनच आलं असणार असं सांगितलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुमच्या भांड्यांना काय होनार नाय ना? माजं ताट येगळं ठेव."

मी नाही म्हटलं, हा आजार ताटातून पसरत नाही हे परत परत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिने आपलं ताट आणि पेला आपणच धुवून खिडकीत पालथा घालायला सुरुवात केली. ती सवय मला अजूनही मोडता आलेली नाही.

आतली खोली आधी सामान ठेवायची होती. तिथे एकच पलंग आणि एक मशीन बसवलं होतं. खिडकी इमारतींमधल्या बोळाकडे उघडणारी. दारावर लाल अक्षरांत इंग्रजीत "पॉझिटिव्ह" लिहिलेला कागद. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने बाईंना विचारलं, आणि खोटं बोलणं न जमणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजार आहे एवढंच लिहिलंय ताई, आणखी काही नाही." पहिले काही दिवस बाई आपल्या पलंगावर जाण्याआधी त्या दाराशी उभ्या राहून दोन शब्द बोलायच्या. मग कोणा पेशंटच्या मुलाने हरकत घेतली, पॉझिटिव्हच्या दाराशी जाऊन ही बाई पुन्हा आमच्यात कशी येते म्हणून. सिस्टरांनी बाईंना जाऊ नका सांगितलं. बाईंनी पेपर अर्धा करायला सुरुवात केली. आतलं पान त्या नर्सकरवी आईकडे पाठवायच्या. आईला अक्षरं लावत वाचायला फार वेळ लागायचा. एक बातमी संपेपर्यंत डायलिसिस संपायचं.

आणि तरीही त्या खोलीत जो माणूस यायचा तो हॉलमधलाच, तोच टेक्निशियन. आईला वेगळं काढलं होतं, त्याचे हात वेगळे नव्हते.

त्याच सुमारास आईची खालची दाढ सुजली. गाल टम्म, गिळता येईना. मी बघितलं, दाढ वाचण्यासारखी नव्हती. डायलिसिसच्या दिवशी रक्त पातळ झालेलं असतं म्हणून दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं, तिच्या डॉक्टरांना विचारून औषधं दिली. स्वतःच्या आईचा दात काढू नये, हात थरथरतो असं आम्ही एकमेकांत म्हणतो. मी माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरला फोन केला. त्याने रिपोर्ट विचारला आणि मग म्हणाला, "या आठवड्यात जरा अवघड आहे." मी दुसऱ्याला विचारलं नाही.

माझ्याकडची मदतनीस नालासोपाऱ्याहून येते. कितीतरी वर्षं माझ्यासोबत आहे. आईला खुर्चीत बसवताना तिने मला बाजूला बोलावलं.

"मॅडम, आईंचं सामान वेगळं उकळायचं का?"

"नाही. सगळ्यांचं करतो तसंच. घासून, पाकिटात घालून, मशीनला."

"तेवढ्याने जातं?"

"जातं. म्हणून तर सगळ्यांचं करतो."

तिने ट्रेवर पाकिटं मांडली. "मग तिकडे त्यांना खोलीत का ठेवलंय?"

ती खरंच समजून घेण्यासाठी विचारत होती. मी तिला म्हटलं, तिकडे माणसं कमी आहेत. आईच्या हिरडीत भुलीची सुई देताना माझा हात थरथरला नाही. दाढ सुटली. मी गॉझ दाबून धरला आणि रक्त थांबायची वाट बघत तिच्या हनुवटीखाली हात ठेवून उभी राहिले. रक्त थांबायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. आई छताकडे बघत होती. तोंडात गॉझ असल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. तिने उजवा हात उचलून माझ्या कोपराला लावला आणि लगेच काढून घेतला, जणू तिथे हात लावायला मनाई आहे.

हिपॅटायटिस सीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळाल्या. आईने त्या एकही न चुकवता घेतल्या. तोंड कडू व्हायचं, जेवण जायचं नाही, पण तिने तक्रार केली नाही. औषध संपल्यावर ठरलेला काळ थांबून पुन्हा रक्त तपासलं, आणि रक्तात विषाणू सापडला नाही. मी रिपोर्ट घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे गेले. ते बोरिवलीहून आठवड्यातून दोनदा यायचे. सज्जन माणूस. रिपोर्ट बघून त्यांना मनापासून आनंद झाला.

"मग आता तिला हॉलमध्ये आणता येईल?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. "त्यांच्या रक्तातली अँटिबॉडी आयुष्यभर पॉझिटिव्ह येणार. तुम्हाला माहीतच आहे."

"अँटिबॉडी म्हणजे आजार नव्हे, सर. आजार होऊन गेल्याची खूण."

"मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. सेंटरच्या नियमात अँटिबॉडी लिहिलंय. आणि बाहेरचे नातेवाईक... त्यांना एकदा पॉझिटिव्ह म्हणजे कायमचं पॉझिटिव्ह. मी मॅनेजमेंटशी बोललो होतो, तुम्ही यायच्या आधीच. ते तयार नाहीत."

"म्हणजे बरी झाली तरी तिथेच."

"मी परत बोलतो," ते म्हणाले. ते परत बोललेही असतील.

आईला मी बरी झालीस एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "मंग बाईंच्या बाजूला कवा न्यायचे?" मी म्हटलं, बघतायत.

त्यानंतर काही महिन्यांनी, पावसाळा चालू असताना, मी आईला सोडायला गेले तर आतल्या खोलीत दुसरा पलंग लावत होते. सामानाचं कपाट बाहेर काढलं होतं. मी नर्सला विचारलं, कोण येणार? तिने मान खाली घालून सांगितलं.

बाई आल्या त्या नेहमीसारख्याच नेटक्या. साडीला पिन, हातात पेपर, आज पुरा. त्यांचा मुलगा दाराशी उभा होता. तो बँकेत नोकरीला होता आणि त्या दिवशी सुट्टी काढून आला होता. त्याने मला विचारलं, "डॉक्टर, माझ्या आईला हे कसं झालं? तुमच्या आईला तर आधीच वेगळं ठेवलं होतं ना?" मी त्याला मोजांचं सांगितलं, ट्रॉलीवरच्या बाटलीचं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आपण सांगू नये ते सांगतोय, कारण ऐकून त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन हात धुतल्यावर आई म्हणाली, "बाई आल्या तं मना बरं वाटलं गो."

"हो ना. सोबत झाली."

"तसं नाय. त्यांना रोग झाला तवा त्या आल्या. नि मना बरं वाटलं." ती खुर्चीत बसली. "असं कसं वाटलं मना?"

मी तिच्याजवळ बसले. तिला समजावण्यासारखं मला खूप काही सुचलं, पण तिला समजावून घ्यायचं नव्हतं. ती बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली.

यानंतर बाईंच्या मुलाने, मी आणि आणखी दोन घरच्या लोकांनी मिळून तक्रार केली. आम्ही काही फार मागितलं नव्हतं. माणसं वाढवा, औषधाची बाटली फिरवू नका, पलंगापलंगाशी मोजे ठेवा. तक्रार कुठेतरी वर गेली. तपासणीला माणसं आली, फोटो काढले, आणि सेंटर सगळं साफ करून घेईपर्यंत बंद ठेवायचा आदेश निघाला. किती दिवस ते कोणालाच माहीत नव्हतं. त्या तिन्ही पाळ्यांच्या लोकांनी कुठे जायचं हेही कोणी लिहिलं नव्हतं.

डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं. आईचे पाय आधी सुजले, मग श्वास लागायला लागला. जिथे जिथे फोन केला तिथे पहिला प्रश्न एकच, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह? ती बरी झालीय असं मी म्हणायचे, ते अँटिबॉडी विचारायचे. त्यांच्याकडे पॉझिटिव्हचं मशीन नव्हतं, किंवा होतं त्याला जागा नव्हती. शेवटी त्या मीरा रोडच्या सेंटरवाल्यांनी घेऊन या म्हटलं. रविवार होता. बोळिंजहून निघालो आणि हायवेला चिंचोटीपाशी गाडी अडकली. धबधब्याला आलेल्या पोरांच्या मोटरसायकली, गाड्या, भर पावसात भजी खाणारी गर्दी. आई मागच्या सीटवर बसून श्वास घेत होती. तिला आडवं होता येत नव्हतं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "तुला बोलली होती मी." रागाने नाही बोलली. तिला फार बोलताच येत नव्हतं.

त्या दिवशी तिला मशीन मिळालं, तिचा श्वास बसला. दुपारच्या पाळीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना कुठेच वेळेवर मिळालं नाही असं नंतर कळलं. ते गेले. त्यांना आधीच हृदयाचा त्रास होता, असं त्यांच्याच घरच्यांनी सांगितलं. पण सेंटर पुन्हा उघडलं तेव्हा जिन्यात त्यांच्या पाळीतल्या एका पेशंटची बायको मला भेटली. नेहमी माझ्याशी हसून बोलणारी.

"मॅडम, तुमचं घर शिकलेलं आहे," ती हिंदी मिसळलेल्या मराठीत म्हणाली. "तुम्ही गाडी करून मीरा रोडला गेलात. आमच्या आदमीला आम्ही कुठे नेणार होतो? घाण होतं, चालत तर होतं."

मी तिला म्हणू शकले असते की चालत नव्हतं, त्या चालण्यानेच दोन घरांत आजार गेलाय. तिच्या नवऱ्याचा रिपोर्ट अजून निगेटिव्ह होता. मी भिंतीकडे सरकून तिला वाट दिली. ती बाजूने वर गेली.

उघडल्यावर सेंटर चकचकीत होतं. प्रत्येक पलंगाच्या पायाशी हाताला लावायच्या औषधाची बाटली टांगलेली, मोजांची खोकी, भिंतीवर हात कसे धुवायचे त्याची चित्रं. टेक्निशियन नवा होता. जुन्याला काढलं होतं, जणू सगळं त्याच्या एकट्याच्या हाताने झालं होतं. माणसं वाढवली नव्हती. पाळ्या तेवढ्याच, पलंग तेवढेच. काही आठवड्यांत बाटल्या रिकाम्या झाल्या आणि काही रिकाम्याच टांगलेल्या राहिल्या. हे मला बाईंनी सांगितलं, कारण आता नातेवाइकांना आत यायला बंदी झाली होती. संसर्ग पसरू नये म्हणून, असं कारण दिलं. दाराच्या काचेला आतून निळा कागद लावला होता.

बाईंच्या गोळ्या सुरू झाल्या. आई त्यांना धीर द्यायची, तोंड कडू झालं तर लवंग धरा म्हणायची. दोघींचा रश्शाचा वाद पुन्हा सुरू झाला असावा, कारण घरी आल्यावर आई कधीकधी मध्येच म्हणायची, "बाईंना काय कलत नाय चिंचेतलं." बाईंच्या रक्तातलाही विषाणू जाईल, असं डॉक्टर म्हणतात. जाईलच. पण त्या खोलीतून कोणीच बाहेर येणार नाही, हे आम्हा सगळ्यांना कळून चुकलंय. उद्या तिथे तिसरा पलंग लागला तरी तो कोणासाठी, हे विचारायची मला भीती वाटते.

आजही मी आईला सोडून बाहेरच्या बाकावर बसते. दवाखाना उशिरा उघडते, सकाळच्या अपॉइंटमेंट घेत नाही. आत मशीन वाजतं, कोणीतरी धावतं, पाण्याच्या नळाचा आवाज येतो किंवा येत नाही. मी ऐकत राहते. बाकावरची माणसं मोबाइल बघत असतात.

परवा आई बाहेर आली. तिच्या हाताला पट्टी होती, चेहरा उतरलेला. मी तिची पिशवी घेतली आणि जिना उतरताना विचारलं, "सुई लावायच्या आधी मोजे बदलले होते का गं त्याने?"

"बदलले असतील," ती कठड्याला धरून म्हणाली. "मी डोलं मिटून होती."